सेटिंग कुणाची, त्यावर ती कुठे लिहायची

पायथन शिकायला बसलेल्या मुलाची पहिली गाठ पायथनशी पडत नाही, पिपशी पडते. तंत्रशिक्षण मंडळाच्या आय स्कीममध्ये डिप्लोमाच्या सहाव्या सत्राला ‘प्रोग्रामिंग विथ पायथन’ हा विषय आला. भाषा म्हणून पायथन सोपीच आहे. पण ‘पिप इन्स्टॉल नमपाय’ एवढी एक ओळ लिहून एंटर दाबला की पिप पंधरा सेकंद वाट बघतो, मग पुन्हा प्रयत्न करतो, असे पाच प्रयत्न करतो आणि हात टेकतो. मुलगा हाक मारतो, “सर, नेट नाहीये.” त्याच मशीनवर शेजारच्या खिडकीत ब्राउझर उघडा असतो आणि त्यात व्हिडिओ बिनदिक्कत चालू असतो.

नेट आहे. ब्राउझरला ते कसं गाठायचं हे कुणीतरी कधीतरी सांगून ठेवलेलं आहे, पिपला सांगितलेलं नाही. हे सांगण्याची जी पद्धत आहे तिला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात आणि ही पुस्तिका त्याबद्दल आहे. पॅकेज मॅनेजर म्हणजे सॉफ्टवेअर आणून, तपासून, बसवून देणारा प्रोग्राम: पायथनचा पिप, जावास्क्रिप्टचा एनपीएम, डेबियन आणि उबुंटूचा एपीटी, म्हणजे बोलण्यातला ‘ॲप्ट’. या तिघांवर पुस्तिकेचा भर आहे. (प्रस्तावनेत आज्ञा आणि व्हेरिएबलची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. धड्यांमध्ये ती जशी टाइप करायची तशीच छापली आहेत, कारण तिथे एक अक्षर चुकलं तरी काम अडतं.)

ही पुस्तिका चोपड्यात बसून लिहिली आहे, आणि हे नुसतं पत्त्यापुरतं नाही. दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा, गावाला रेल्वे नाही. अडावद, धानोरा, लासूर, चहार्डी इथून मुलं एसटीने नाहीतर मोटारसायकलवर कॉलेजला येतात. लॅबमध्ये तीस मशीन एका लाइनवर चालतात, लाइट गेली की इन्व्हर्टर किती वेळ धरेल याचा अंदाज घेत सर प्रॅक्टिकल उरकतात. पॅकेज मॅनेजर लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असं ठिकाण नव्हतं. नेट सतत आहे, वेगाने आहे आणि मधे कुणी अडवणारा नाही, हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं. यात त्यांचा दोष काढायचं कारण नाही. जालन्याच्या कंपनीने कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटावर दोन झाडांतलं अंतर छापलेलं असतं. पण तापीकाठची काळी भारी जमीन आणि सातपुड्याच्या पायथ्याची हलकी जमीन यांत अंतर किती ठेवायचं हे शेतकरी बांधावर उभा राहून ठरवतो. त्यासाठी बियाणं बदलावं लागत नाही. चांगल्या प्रोग्रामनेही अशी जागा सोडलेली असते. आपल्याकडच्या लॅबमध्ये ती जागा वापरायचीच राहून जाते.

ही सोय नवी नाही. बेल लॅब्समधून १९७९ साली बाहेर पडलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आले. पॅकेज मॅनेजर त्यानंतरचे. डेबियन १९९३ मध्ये सुरू झालं, एपीटी १९९९ च्या मार्चमध्ये डेबियन २.१ बरोबर लोकांच्या हाती आलं, पिप २००८ चा आणि एनपीएम २०१० चा. आपल्या भागात या गोष्टी नेटवरून नाही, सीडीवरून आल्या. ‘लिनक्स फॉर यू’सारख्या मासिकाबरोबर सीडी यायची. उबुंटूवाले तर २००५ ते २०११ पर्यंत मागेल त्याला टपालाने फुकट सीडी पाठवत. एकदा सीडी घरी आली की मोकळ्या मनाने हवं ते बसवता यायचं. नेट स्वस्त झाल्यावर सगळं ऑनलाइन गेलं आणि ‘आधी आणून ठेवा, मग बसवा’ ही सवय मोडली. ती सवय पुन्हा लावणं हाही या पुस्तिकेचा एक छुपा हेतू आहे.

आता थोडं यंत्रणेच्या आत डोकावू, कारण पुढचे सगळे घोळ इथूनच निघतात. प्रत्येक प्रोग्राम सुरू होताना त्याला नाव आणि किंमत अशा जोड्यांची एक यादी मिळते. ती त्याला सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या यादीची प्रत असते. टर्मिनलमध्ये ‘एक्सपोर्ट’ करून एखादी जोडी घातली की त्या टर्मिनलमधून पुढे सुरू होणाऱ्या सगळ्यांना ती मिळते. शेजारच्या टर्मिनलला तिचा पत्ता नसतो. पोटातल्या प्रोग्रामने आपल्या प्रतीत काही बदललं तरी ते वरच्या प्रोग्रामपर्यंत पोचत नाही. टर्मिनल बंद केलं की सगळं पुसलं जातं. “सकाळी चाललं होतं, दुपारी चालत नाही,” या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं. विंडोजवर ‘सेटएक्स’ने किंमत कायमची लिहिता येते, पण ती फक्त नव्या उघडलेल्या खिडकीला दिसते, आणि १०२४ अक्षरांपुढचा मजकूर ती आज्ञा कापून टाकते. ‘पाथ’ची लांबलचक ओळ सेटएक्सने लिहिली की अर्धी गायब होते आणि मग पायथनही सापडत नाही, जावाही सापडत नाही. विंडोजवर ‘पाथ’ला हात लावायचा तर सेटिंगच्या खिडकीतूनच लावावा, असं माझं ठाम मत आहे.

पिपची पद्धत देखणी आहे. त्याचा कुठलाही लांब पर्याय घ्यायचा, मोठ्या अक्षरांत लिहायचा, मधल्या आडव्या रेघांच्या जागी अंडरस्कोर द्यायचा आणि पुढे ‘पिप_’ जोडायचं. म्हणजे टाइमआउटचा पर्याय पंधरा सेकंदांचा शंभर करायचा तर ‘पिप_टाइमआउट’ला १०० ही किंमत द्यायची. वेगळं काही पाठ करावं लागत नाही. एनपीएमचंही तसंच, तिथे पुढे ‘एनपीएम_कॉन्फिग_’ लागतं. दोघांचा मानाचा क्रमही सारखा: आज्ञेच्या ओळीत लिहिलेलं सगळ्यांत वरचढ, त्याखाली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, त्याखाली सेटिंगची फाइल, आणि कुठेच काही नसेल तर प्रोग्रामची स्वतःची मूळ किंमत. पिपमध्ये एक गंमतही आहे. ‘नो-कंपाइल’सारख्या एक-दोन पर्यायांना व्हेरिएबलमधून चालू करायचं तर ‘होय’ नाही, ‘नाही’ लिहावं लागतं. पिपच्या कागदपत्रांत हे सरळ नमूद केलेलं आहे, तरी लॅबमध्ये पाच जणांना विचारलं तर पाचही चुकतील.

क्रम कळला तरी खरा प्रश्न शिल्लक राहतो: कुठली गोष्ट कुठे लिहायची? शिकवण्यांत याचं उत्तर “ही ओळ बॅशआरसीमध्ये टाका”, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये, असं एका दमात दिलेलं असतं. मला ते पटत नाही. माझ्या मते आधी विचारावं की ही सेटिंग कुणाची आहे. प्रॉक्सी, म्हणजे बाहेरच्या नेटकडे जाताना जिच्यातून जावं लागतं ती मधली मशीन, कॉलेजच्या इमारतीची असते. टाइमआउट त्या लाइनचा असतो. डाउनलोड कुठे साठवायचं हे त्या मशीनच्या डिस्कचं असतं. संदेश कुठल्या भाषेत यावेत हे माणसाचं असतं. ज्याची जी सेटिंग, ती त्याच्याच जागी लिहिली की अर्ध्या तक्रारी मिटतात.

प्रॉक्सीचंच बघा. लॅबमधल्या मशीनची जागा बदलत नाही, म्हणून तिथे ‘एचटीटीपी_प्रॉक्सी’ आणि ‘एचटीटीपीएस_प्रॉक्सी’ या किमती ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘एन्व्हायर्नमेंट’ नावाच्या फाइलमध्ये एकदाच लिहाव्यात, म्हणजे सगळ्या लॉगिनना मिळतात. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपचं तसं नाही. तो दिवसा लॅबच्या वायरवर आणि रात्री अडावदला घरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असतो. कुणीतरी मदत म्हणून त्याच्या पिपच्या सेटिंग फाइलमध्ये प्रॉक्सी कायमची लिहून दिली, तर कॉलेजमध्ये सगळं सुरळीत चालतं आणि घरी काहीच चालत नाही. मुलगा पिप काढून पुन्हा बसवतो, तरीही चालत नाही, कारण सेटिंगची फाइल तशीच मागे राहिलेली असते. लॅपटॉपवर टर्मिनल बंद होताच पुसली जाणारी किंमतच उपयोगाची. पुस्तिकेत त्यासाठी दोन छोटी फंक्शन दिली आहेत, एकाचं नाव ‘कॉलेज’, दुसऱ्याचं ‘घर’. पहिलं किमती भरतं, दुसरं काढून टाकतं.

प्रॉक्सीच्या पत्त्यात नाव आणि पासवर्ड लिहावा लागत असेल तर आणखी एक खड्डा आहे. पासवर्डमध्ये ॲटची खूण असणं आपल्याकडे जवळजवळ ठरलेलं: गावाचं नाव, मग ॲट, मग १२३. पण पत्त्यात ॲटचा अर्थ “इथे पासवर्ड संपला, आता सर्व्हरचं नाव” असा होतो. मग एखादा प्रोग्राम भलत्याच सर्व्हरला शोधत बसतो आणि असा सर्व्हर सापडत नाही म्हणून सांगतो. पासवर्ड चुकला असं कुठेच म्हणत नाही, त्यामुळे कुणाचं लक्ष तिकडे जातही नाही. ॲटच्या जागी टक्क्याची खूण आणि ४० लिहिलं की काम होतं. आणि हा पासवर्ड लपलेला राहील असं समजू नका. लिनक्सवर चालू प्रोग्रामची यादी त्याच लॉगिनच्या दुसऱ्या कुणालाही वाचता येते, आणि लॅबमध्ये सगळी मुलं एकाच लॉगिनने बसतात. जमत असेल तिथे पासवर्ड न लागणारी प्रॉक्सी मागून घ्यावी.

लिनक्सवर नावाची अक्षरं लहान की मोठी यालाही महत्त्व आहे. ‘एचटीटीपी_प्रॉक्सी’ लहान अक्षरांत लिहावं. कर्लसारखा प्रोग्राम हे नाव मोठ्या अक्षरांत वाचतच नाही, आणि त्याला कारण आहे. जुन्या पद्धतीच्या वेबसर्व्हरवर बाहेरून आलेल्या विनंतीतले मथळे ‘एचटीटीपी_’ लावून एन्व्हायर्नमेंटमध्ये घातले जातात. त्यामुळे कुणीही ‘प्रॉक्सी’ नावाचा मथळा पाठवून सर्व्हरची बाहेर जाणारी वाहतूक आपल्याकडे वळवू शकत होता. २०१६ च्या जुलैमध्ये ‘एचटीटीपॉक्सी’ या नावाने हे प्रकरण गाजलं. त्याआधी दोन वर्षं, २०१४ च्या सप्टेंबरमध्ये, बॅशमधला ‘शेलशॉक’ हा दोष निघाला होता, त्यातही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये घातलेला मजकूर आज्ञा म्हणून चालत होता. शेलशॉक कधीच दुरुस्त झाला, मशीन अपडेट केलेलं असलं की पुरे.

‘सुडो’चा मुद्दा एका दमात सांगून टाकतो. लिनक्सवर मशीनच्या मुख्य अधिकाराने आज्ञा चालवायला सुडो लागतो, आणि तो सुरक्षिततेसाठी आधीची यादी जवळजवळ सगळी पुसून नवा प्रोग्राम सुरू करतो. म्हणून प्रॉक्सी लावलेली असूनही ‘सुडो एपीटी अपडेट’ अडकतं. ‘-ई’ हा पर्याय दिला की यादी तशीच पुढे जाते. एपीटीसाठी मात्र मी तेही करू देत नाही. जी गोष्ट फक्त एपीटीची, ती एपीटीच्या स्वतःच्या सेटिंग फोल्डरमध्येच असावी.

यापुढे लॅब चालवणाऱ्यांसाठी. एखादं ८०० एमबीचं पॅकेज तीस मशीनवर बसवायचं तर २४ जीबी त्याच एका लाइनवरून खाली यायला हवं, आणि ते प्रॅक्टिकलच्या दोन तासांत येणार नाही. त्यावर दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे लॅबमधल्याच एका मशीनला कोठार करणं. पायथनसाठी डेव्हपी आणि एपीटीसाठी ॲप्ट-कॅशर-एनजी हे दोन प्रोग्राम फुकट मिळतात, एक ३१४१ क्रमांकाच्या पोर्टवर बसतो, दुसरा ३१४२ वर. पहिल्या मुलाने मागितलं की पॅकेज बाहेरून येतं, बाकीच्या एकोणतीस जणांना घरातूनच मिळतं. पिपला ‘पिप_इंडेक्स_यूआरएल’मधून कोठाराचा पत्ता द्यायचा, आणि ‘नो_प्रॉक्सी’मध्ये त्याच मशीनचं नाव न विसरता लिहायचं, नाहीतर शेजारच्या टेबलावरच्या मशीनकडे जायला पिप आधी प्रॉक्सीकडे जातो आणि तिथून हात हलवत परत येतो.

इथे ‘पिप_एक्स्ट्रा_इंडेक्स_यूआरएल’ वापरू नका. नावावरून ते जास्त सोयीचं वाटतं: आपलं कोठारही राहील आणि बाहेरचंही. पण पिप दोन्हीकडे शोधतो आणि ज्याचा आवृत्ती क्रमांक मोठा ते उचलतो, ते कुठून आलं याची त्याला पर्वा नसते. २०२१ च्या फेब्रुवारीत ॲलेक्स बिर्सन या संशोधकाने दाखवून दिलं की मोठ्या कंपन्यांच्या आतल्या पॅकेजांच्या नावाने बाहेर मोठ्या क्रमांकाचं पॅकेज ठेवलं की त्यांची मशीन ते मुकाट्याने बसवून घेतात. ॲपल आणि मायक्रोसॉफ्टही त्यात सापडले. २०२२ च्या डिसेंबरमध्ये पायटॉर्चच्या रोजच्या आवृत्त्या बसवणाऱ्यांच्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडलं.

दुसरा रस्ता पेनड्राइव्हचा, आणि सातपुड्याच्या अंगाला असलेल्या शाळा-कॉलेजांसाठी तोच खरा. वैजापूरकडच्या आश्रमशाळेत कुणी शिकवायला जाणार असेल तर चोपड्यातच ‘पिप डाउनलोड’ने सगळी पॅकेजं आणि त्यांना लागणारी पॅकेजं एका फोल्डरमध्ये उतरवून घ्यायची. तिथे पोचल्यावर ‘पिप_नो_इंडेक्स’ला १ ही किंमत द्यायची आणि ‘पिप_फाइंड_लिंक्स’मध्ये पेनड्राइव्हवरच्या फोल्डरचा पत्ता द्यायचा. मग पिप नेटकडे बघतच नाही. मुलांना आज्ञा तीच, ‘पिप इन्स्टॉल नमपाय’, आणि पॅकेज काही सेकंदांत बसतं. फसगत होते ती वेगळ्याच ठिकाणी. डाउनलोड सरांच्या विंडोज लॅपटॉपवर केलेलं असतं आणि तिकडची मशीन लिनक्सची निघतात, किंवा पायथनची आवृत्ती जुळत नाही. नमपायसारखी पॅकेजं त्या-त्या सिस्टिमसाठी वेगळी बांधलेली असतात, आणि फाइलच्या नावातच ते लिहिलेलं असतं. ते नाव वाचायला शिकवणारा धडा पुस्तिकेत मुद्दाम लांबवला आहे. डोंगर चढून गेल्यावर ते कळण्यापेक्षा बरं.

काही रोग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने बरे होत नाहीत. पिप “सर्टिफिकेट चालत नाही” म्हणतो तेव्हा नेटवर शोधलं की तपासणीच बंद करायचे सल्ले मिळतात: पिपला ‘ट्रस्टेड होस्ट’ सांगा, नोडला तपासणी शून्य करायला सांगा. असं कधीही करू नये. लॅबचा फायरवॉल मधे स्वतःचं सर्टिफिकेट लावत असेल तर ते मागून घेऊन ‘पिप_सर्ट’ आणि ‘नोड_एक्स्ट्रा_सीए_सर्ट्स’मध्ये त्या फाइलचा पत्ता द्यावा. पण त्याच्याही आधी मशीनच्या कोपऱ्यातली तारीख बघावी. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की तारीख कैक वर्षं मागे जाते, आणि मशीनच्या मते आजचं सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नसतं. तो सेल बाजारात कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो.

आता माझ्या आवडीचा भाग. एपीटी मराठी बोलतं. मुंबईच्या सी-डॅकमधल्या ‘जनभारती’ गटाने २००८ च्या सुमारास एपीटीचे संदेश मराठीत आणले. डेबियन बसवताना भाषांच्या यादीत मराठी असते, मात्र फक्त चित्रमय इन्स्टॉलरमध्ये, कारण लिनक्सच्या साध्या काळ्या कन्सोलला देवनागरीची जोडाक्षरं नीट मांडता येत नाहीत. आपल्या मशीनवर हे बघायचं तर आधी मराठीचं लोकेल, म्हणजे त्या भाषेची सेटिंग, तयार करून घ्यावं लागतं आणि मग ‘लँग’ या व्हेरिएबलला मराठीची किंमत द्यावी लागते. ‘लँग्वेज’ नावाचं दुसरं व्हेरिएबल त्याहून मोकळं: त्यात मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी अशी रांग लावता येते, म्हणजे एका भाषेत भाषांतर नसेल तर प्रोग्राम पुढच्या भाषेकडे जातो. पहिल्यांदा आपल्या भाषेत “पॅकेज सापडत नाही” हे वाचलेल्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. त्याला ते तेवढ्यात कळलेलं असतं, कुणाला विचारावं लागत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. मराठीत आलेली चूक नेटवर शोधायला गेलं तर काही हाती लागत नाही, कारण ती इंग्रजीत विचारणारे हजारो आणि मराठीत विचारणारा हा पहिला. अशा वेळी त्याच एका आज्ञेच्या आधी ‘एलसी_ऑल’ला सी ही किंमत देऊन ती पुन्हा चालवायची. तेवढ्यापुरते संदेश मूळ इंग्रजीत येतात, पुढच्या आज्ञेला मराठी परत. एका ओळीपुरती भाषा बदलायची ही सोय सेटिंगच्या फाइलला जमणार नाही. एपीटीचं म्हणणं वाचून पुढे काम करणारी स्क्रिप्ट लिहायची असेल तेव्हा तर ही किंमत नेहमीच द्यावी. नाहीतर मराठी मशीनवर ती स्क्रिप्ट इंग्रजी शब्द शोधत राहील.

पुस्तिकेत कंटेनर घेतलेले नाहीत. डॉकर शिकणाऱ्याला ‘डेबियन_फ्रंटएंड’ला ‘नॉनइंटरॅक्टिव्ह’ करण्याची ओळ सगळीकडे दिसेल. तिचा अर्थ एवढाच की पॅकेज बसवताना प्रश्न विचारू नकोस, ठरलेली उत्तरं धर. तीस मशीनवर एकदम बसवताना लॅब असिस्टंटलाही ती उपयोगी आहे, म्हणून तिचा उल्लेख चौथ्या धड्यात केला आहे, तोही त्या एका आज्ञेपुरता. कायमची लिहून ठेवली तर पुढे कधीतरी जो प्रश्न विचारला जायला हवा होता तोही विचारला जाणार नाही.

धडे सलग वाचायची गरज नाही. लॅब असिस्टंटने तिसऱ्या आणि चौथ्यापासून सुरुवात करावी, स्वतःचा लॅपटॉप असलेल्या विद्यार्थ्याने दुसऱ्यापासून. मात्र कुठलाही धडा उघडण्याआधी ज्या मशीनवर काम करायचं तिथे टर्मिनल उघडून ‘एन्व्ह’ ही आज्ञा, विंडोज असेल तर ‘सेट’, चालवावी आणि आलेली यादी वहीत उतरवून घ्यावी. प्रॉक्सी, पिप, एनपीएम, लँग यांपैकी काही आधीच लिहिलेलं असेल तर ते कुणी आणि कशासाठी लिहिलं हे लॅबच्या सरांना विचारावं, आणि उत्तर मिळेपर्यंत ते पुसू नये.